आनंदाचं वजनमाप

आनंद म्हणजे काय, या प्रश्नापायी ऋषिमुनींनी हिमालय गाठला. महाराष्ट्र सरकारनं तो २०२२ च्या दिवाळीत रेशन दुकानातच निकालात काढला. एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. भाव शंभर रुपये.

नाव 'आनंदाचा शिधा'. पिशवीवर नेत्यांचे हसरे फोटो. म्हणजे आनंद नेमका कुणाला झालाय, तेही छापलेलं.

पुढे पाडव्याला आनंद आला, गणपतीला आला. २०२५ मध्ये तिजोरीचा तळ दिसायला लागला आणि सणाच्या तोंडावर आनंद आलाच नाही. काय करणार? बहिणी लाडक्या, त्यामुळे आनंद सावत्र.

त्याच काळातली राज्याची आर्थिक पाहणी मात्र खुशीत होती. २०२४-२५ चं दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये. चौघांचं घर धरा. वर्षाला बारा लाखांच्या वर. तुमच्या घरी आले का? नाही? मग शेजाऱ्याकडे गेले असतील.

शेजारी तुमच्या दाराकडे बघत उभा आहे.

याच श्रीमंत राज्याचा एक पहिला नंबर आहे. त्याची जाहिरात होत नाही. २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केली. त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले. तरीही दरडोईचा आकडा खाली आला नाही, वरच गेला.

हा आकडा ज्यातून निघतो त्या जीडीपीचा हा स्वभावच. नळाला पाणी आलं तर तो ढिम्म. नळ कोरडा पडला, सोसायटीनं टँकर मागवले, की लगेच टुणकन उडी. डास मेले तर शांत. डेंग्यू झाला, चार दिवस आयसीयू झालं, की प्रगती. पूल बांधला, वाढला. पाडला, वाढला. पुन्हा बांधला, पुन्हा वाढला. पुणेकरांना उदाहरण द्यायला नको. विद्यापीठ चौकातून रोज जातात बिचारे.

जातात म्हणजे, निघतात.

आणि जीडीपीबद्दलची ही शंका काही आजची नव्हे. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची रीत ज्यांनी बसवली त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकी सिनेटला बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की वाईट, ते ठरवू नका. सिनेटनं अहवाल ठेवून घेतला, इशारा परत केला. पुढे कुझनेट्सना नोबेल मिळालं. इशाऱ्याला काही मिळालं नाही.

घरातलं बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. पुरुषाचा ९७. वाटलं ना, वा, दीड तास तरी करतो गडी? थांबा. हा हिशेब फक्त करणाऱ्यांचा. करणारे पुरुष होते शंभरात सव्वीस. बाकीचे पेपरात जीडीपी वाचत असावेत.

आणि त्या २९९ मिनिटांची जीडीपीतली किंमत शून्य. हीच बाई शेजारच्या घरी पोळ्या लाटायला गेली की तिचं उत्पन्न राष्ट्रीय. पिगू नावाचे इंग्रज अर्थशास्त्री शंभर वर्षांपूर्वी सांगून गेले की घरकाम करणाऱ्या पगारी बाईशी मालकानं लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं. काम तेवढंच, घर तेच. पगार तेवढा गेला.

म्हणून शहाण्यांनी ठरवलं की पैसा नको, लोकांचं जगणं मोजू. छान. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १११ शहरांचा 'जगण्याच्या सुलभतेचा' निर्देशांक काढला. चार खांब, १५ वर्ग, ७८ निकष. सगळं जगणं मोजून झालं आणि पहिला नंबर आला पुण्याचा!

दुसरी नवी मुंबई, तिसरी मुंबई. दिल्ली ६५ वी. त्या दिवशी पुणेकर प्रथमच निरुत्तर झाले.

गंमत कळायला थोडा वेळ लागला. त्या पहिल्या फेरीत सगळं मोजलं होतं, 'राहणं सोपं जातंय का हो?' यावरच्या राहणाऱ्याच्या मताला तेवढं वजन द्यायचं राहून गेलं होतं. पुढच्या खेपेला लोकांच्या मताला ३० टक्के वजन दिलं आणि पुणं दुसरं आलं. २०२४ च्या संथ वाहतुकीच्या एका जागतिक यादीत मात्र पुणं चौथं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. सुलभता आहेच. जाता-जाता अख्खा पेपर वाचून होतो.

मग लोकांनाच विचारावं की, खूश आहात का? इथं भूतान येतं. आणि भूतानच्या या गोष्टीत चक्क आपली मुंबई येते.

१९७९ साल. हवानातली अलिप्त राष्ट्रांची परिषद आटोपून भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक परतत होते. वय २३. मुंबई विमानतळावर पत्रकारांनी गाठून राष्ट्रीय उत्पादनाचं विचारलं. राजे म्हणाले, आम्हाला सकल राष्ट्रीय उत्पादनापेक्षा सकल राष्ट्रीय आनंद मोलाचा. मुंबई विमानतळावर आनंदाविषयी बोललेला तो बहुधा शेवटचा प्रवासी.

उत्तर जगभर गाजलं. २००८ मध्ये ते भूतानच्या राज्यघटनेतही गेलं. नऊ क्षेत्रं, ३३ निर्देशक, तासन् तास चालणारी प्रश्नावली. परदेशी विद्वान थिंपूला जाऊन डोळे मिटून परत आले. डोळे मिटलेले असल्यामुळे काही गोष्टी दिसल्या नाहीत. उदाहरणार्थ, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशाबाहेर काढले गेलेले सुमारे एक लाख नेपाळीभाषक. ते नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांत होते. तिथं प्रश्नावली पोचत नव्हती.

आता भूतानचा तरुण पर्थला निघालाय. आनंदाच्या देशातून ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या रांगेत. कारण पगार. शेवटी उत्पादनच आडवं आलं की!

पण भूतानची एक गोष्ट मान्य करावी लागेल. २०२२ च्या मोजणीत त्यांच्याच फुटपट्टीवर 'आनंदी' ठरले ४८.१ टक्के. निम्म्याहूनही कमी. आणि तो आकडा त्यांनी स्वतः छापला. आपल्याकडे असा अहवाल आला असता तर आधी फुटपट्टीची चौकशी लागली असती.

भूतानच्याच पुढाकारानं २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला, २० मार्च हा आनंद दिन ठरला आणि जागतिक आनंद अहवाल सुरू झाला. आता दर मार्चमध्ये आपण एकदा दुःखी होतो.

२०२५ चा निकाल: १४७ देशांत भारत ११८ वा. पाकिस्तान १०९. युद्धात होरपळणारा युक्रेन १११. पॅलेस्टाइन १०८. आता दोनच शक्यता. एक तर अहवाल चुकला, नाही तर आपलं काही तरी चुकतंय. टीव्हीवर संध्याकाळी काय ठरलं असेल, ओळखा पाहू.

बोचरी गोष्ट अशी की अहवालावर तावातावानं बोलणाऱ्यांपैकी तो वाचलेला कुणी नसतो. तिथं प्रश्न एकच. एक शिडी समजा. सगळ्यात वर, दहाव्या पायरीवर, तुमच्या कल्पनेतलं सर्वांत चांगलं आयुष्य. तळाला, शून्यावर, सर्वांत वाईट. तुम्ही कुठल्या पायरीवर? झालं. उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरे सहा गोष्टी नंतर कारणमीमांसेला जोडलेल्या. गुण फक्त शिडीचे. दरवर्षी बहुतेक देशांत हजारेक माणसं, तीन वर्षांची सरासरी. एकशे चाळीस कोटींची मनःस्थिती काही हजार जणांच्या भरवशावर. आपल्याकडे एका लग्नात यापेक्षा जास्त पंगत उठते.

त्यातून भारताला मिळाले ४.३८९. तीन दशांश स्थळांपर्यंत! आनंद हा दहावीचा निकाल झाला.

२०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं पहिला आलेला फिनलंड ७.७३६ वर. म्हणजे जगातला पहिला नंबरही डिस्टिंक्शनच्या थोडा वर. डिसेंबरात हेलसिंकीला दुपारी सव्वातीनला सूर्य मावळतो. तरी पहिला. कदाचित म्हणूनच असेल. बाकीचं जग दिसतच नाही.

आनंदाला आकडा मिळाला म्हटल्यावर खातं मिळायला किती उशीर? २०१३ मध्ये व्हेनेझुएलानं 'परम सामाजिक आनंदा'साठी उपमंत्रालय काढलं. त्या वर्षी तिथल्या दुकानांत टॉयलेट पेपर मिळत नव्हता. २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं आनंदमंत्री नेमल्या. त्याच वर्षी मध्य प्रदेशानं देशातला पहिला आनंद विभाग थाटला. पुढच्याच जूनमध्ये मंदसौरला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तो दुसऱ्या विभागाचा विषय होता.

ब्रिटन यात मागे कसं राहील? २०१० मध्ये एकीकडे खर्चाला कात्री लावत डेव्हिड कॅमेरून यांनी जनतेचं समाधान मोजायला घेतलं. आकडे वर्षागणिक चढत गेले. २०१६ मध्ये याच वाढत्या समाधानाच्या जनतेनं युरोपलाही रामराम केला आणि कॅमेरूननाही.

खरी मेख वेगळीच आहे. माणसाला विचारलं की माणूस सवयीनं उत्तर देतो.

१९४४ सालची गोष्ट. बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. कोलकात्याजवळ सिंगूरला एक पाहणी झाली. विधुरांना आणि विधवांना एकच प्रश्न: तब्येत कशी आहे? आजारी किंवा जेमतेम, असं सांगणारे विधुर निघाले ४८.५ टक्के. विधवा? अवघ्या अडीच टक्के. त्यातही नुसतं 'जेमतेम' म्हणणारी विधवा एकही नाही. बायका ठणठणीत होत्या? छे! आपल्या तब्येतीबद्दल आपलं काही मत असतं, हेच त्यांना कुणी कधी कळू दिलं नव्हतं. अमर्त्य सेन हे उदाहरण वर्षानुवर्षं देत आले. शिडीवाल्यांनी ते वाचलं असेलच. पाठ मात्र केलेलं दिसत नाही.

उलट बाजू केरळची. 'आजारी आहे' असं सांगणारे तिथं जास्त आणि आयुर्मानात केरळ देशात वरच्या रांगेत. दवाखाना जवळ असला की माणसाला आपण आजारी आहोत हे कळतं. लांब असला की आपली तब्येत उत्तम असते.

सवयीचा हाच प्रयोग मुंबईत रोज चालतो. पाऊस तुंबला, बॉम्ब फुटला, लोकल बंद पडली, दुसऱ्या दिवशी माणसं कामावर. लगेच मथळे: मुंबई स्पिरिट. वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं उपनगरी रेल्वेच्या रुळांवर आणि दारांत जीव गमावतात. स्पिरिट कायम. दुसऱ्या दिवशी कामावर गेला तर त्याला स्पिरिट म्हणतात. नाही गेला तर खाडा लागतो, त्याला काय म्हणतात?

म्हणजे विचारूच नये का? तसं नाही. इजिप्तमध्ये होस्नी मुबारक यांच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत जीडीपी चढत होता आणि 'माझं बरं चाललंय' म्हणणारे घटत होते. राजवाड्यात पहिला तक्ता टांगलेला होता. २०११ मध्ये ताहरीर चौकात दुसरा तक्ता उतरला.

फक्त काय विचारायचं, ते नीट विचारा. इथं मी पुन्हा भूतानकडे वळतो. ध्यानधारणेचं सोडा. त्यांच्या त्या ३३ निर्देशकांत एक भलताच निर्देशक आहे, ज्याचं पोस्टर कुणी करत नाही. गावाकडच्या माणसाला विचारतात की वन्यप्राण्यांनी पिकाचं किती नुकसान केलं?

आनंदाच्या निर्देशांकात रानडुक्कर!

दिल्ली-मुंबईतल्या वातानुकूलित परिसंवादात यावर हशा होईल. यवतमाळ, चंद्रपूरच्या शेतकऱ्याला विचारा. तो हसणार नाही. हरभरा घाटे धरायला लागला की रात्री मचाणावर जागल. रोही आले तर कळपानं, डुक्कर आलं तर सकाळी नांगरलेलं रान तयार. कोकणात माकडं नारळ उतरवतात, मजुरी न घेता. दोडामार्गात हत्ती. जुन्नरला उसात बिबट्या, त्यामुळे रात्रीचं पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं गाणी. आणि पाणी रात्रीचंच, कारण थ्री फेज लाइट बारानंतर. सकाळी वनखात्याला अर्ज, फोटो, सातबारा, पंचनामा. पंचनाम्याला साहेब येईस्तोवर डुक्कर परत येऊन जातं. पुरावाच खाऊन जातं.

भूतानच्या प्रश्नावलीत झोप किती तास लागते हेही विचारतात. डुक्कर आणि झोप, दोन्ही प्रश्न एकाच कागदावर. हे ज्याला सुचलं तो नक्की शेतावर राहिलेला असणार. राजवाड्यात हे सुचत नाही.

आपल्याकडे मात्र गैरसोयीचं मोजणं टाळायचीच रीत पडलीय. २०१७-१८ चं घरखर्चाचं सर्वेक्षण पूर्ण झालं, मग आकडेवारीचा दर्जा बरा नाही म्हणत ते फडताळात ठेवलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या पाहणीत ५३ होतं. महाराष्ट्रात ४८ वरून ५४. पुढच्या पाहणीतून ती तपासणीच वगळली. कारण शास्त्रीय दिलं की बोटाला टोचून काढलेल्या थेंबानं आकडा फुगतो. असेलही. आमच्याकडे बायकांच्या अंगात रक्त सोडून बाकी सगळं फुगतं, हे खरंच आहे.

जनगणना २०२१ ची. होणार २०२७ मध्ये. आपण किती आहोत हे नक्की ठाऊक नाही. किती सुखात आहोत याची जाहिरात मात्र रोज पहिल्या पानावर.

तर काढाच महाराष्ट्राचा निर्देशांक. शिडी नको, ध्यान नको. साधे प्रश्न. नळाला पाणी किती वाजता येतं आणि त्यासाठी घरातलं कोण उठतं? फेरफार नोंदवायला तलाठ्याकडे किती खेपा? शाळेत बाई किती आणि वर्ग किती? बाळंतीण दवाखान्यात पोचेपर्यंत रस्ता टिकतो का? लोकलमध्ये दोन्ही पाय आत असतात का? मागच्या महिन्यात उसने कुणाकडून घेतले? डुक्कर आलं होतं का?

'आपण आनंदी आहात का?' हा प्रश्न मंत्र्यांसाठी राखून ठेवू. त्यांना उत्तर पाठ आहे.

आणि हे फॉर्म भरून घ्यायला दारोदार जाणार कोण? अहवालाच्या मुखपृष्ठावर तज्ज्ञांची नावं असतील, उंबऱ्यात उभी राहील ती आशाताई. क्षयरोगाची पाहणी तीच करते, कुष्ठरोगाची तीच, बाळाचं वजन तीच, लसीची आठवण तीच. २०२४ च्या सुरुवातीला वाढीव मोबदल्याचा लेखी आदेश मागत याच आशाताई आझाद मैदानात उन्हात बसल्या होत्या. तिच्या यादीत आता आणखी एक फॉर्म, आनंदाचा.

दर फॉर्ममागे तिला किती देणार आणि कोणत्या महिन्यात देणार, तेवढं आधी जाहीर करा. निर्देशांक तिथंच कळेल. बाकीचे फॉर्म कोरे राहिले तरी चालतील.